नवे संकेतस्थळ आणि बडोद्याच्या बाई

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे जुनी माणसे म्हणतात. बँकेचे संकेतस्थळ नव्याने उभारण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता. आला असता तर या म्हणीत तिसरी भर नक्कीच पडली असती. प्रस्तुत लेखिकेच्या वाट्याला हा योग आला तो शाखेतून प्रधान कार्यालयाच्या डिजिटल बँकिंग विभागात बदली झाल्यामुळे. वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी आणि कर्ज व ठेवी या विभागांतील काही वर्षांचा अनुभव, एवढ्या भांडवलावर माझ्याकडे नव्या संकेतस्थळाच्या मराठी पानांची जबाबदारी सोपविण्यात आली. मलाच का, असे विचारल्यावर वरिष्ठ म्हणाले, "तुमचं मराठी चांगलं आहे ना? मग झालं तर!"

ते तसे झाले नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

पहिले काही महिने मुखपृष्ठावरील जागावाटपात गेले. जुन्या संकेतस्थळावर फार गर्दी झाली आहे, नवे सुटसुटीत असावे, यावर पहिल्या बैठकीत सर्वांचे एकमत होते. दुसऱ्या बैठकीपासून गृहकर्ज विभागाला वरची जागा हवी होती, कार्ड विभागाला त्याहून वरची, आणि ठेवी विभागाचे म्हणणे असे की बँक मुळात ठेवींवर चालते. शेवटी सर्वांना थोडी थोडी जागा देण्यात आली आणि नवे मुखपृष्ठ जुन्याइतकेच भरगच्च झाले. रंग मात्र नवे होते. असो.

मराठी मजकुराची तऱ्हा निराळी. इंग्रजी मजकूर एका अनुवाद संस्थेकडे पाठविला होता. तो परत आला तेव्हा 'मिनिमम बॅलन्स'चा 'किमान समतोल' झाला होता, 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन' ही 'उभी सूचना' बनली होती आणि न वटलेला धनादेश चक्क 'उसळला' होता. हे वाचून विभागात हशा पिकला. पुढे प्रत्येक ओळ स्वतः तपासताना माझे हसू मावळले. बँकेच्या व्यवहारात 'धनादेश वटला नाही' हा शब्दप्रयोग खेड्यातल्या खातेदारालाही ठाऊक असतो. तो शब्दकोशात शोधून सापडत नाही. काउंटरच्या अलीकडे-पलीकडे बसलेल्यांनाच तो माहीत असतो.

त्याहून मोठा घोळ जुन्या मराठी पानांनी घातला. ही पाने ज्या काळी तयार झाली, त्या काळी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटमध्ये टंकलिखित होत असे. त्या फाँटमध्ये अक्षरे डोळ्यांना जशी दिसतात त्या क्रमाने साठविली जात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून ती आधी. रफार नंतरच्या अक्षराच्या डोक्यावर दिसतो, म्हणून तो शेवटी. आता सर्वत्र रूढ झालेल्या युनिकोड पद्धतीत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवितात. एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत मजकूर नेताना ही अदलाबदल नीट झाली नाही, की वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटतात आणि रफार लोंबकळत राहतात. आमच्या पानांवर 'कर्ज' हा शब्द 'कजर्' असा उमटू लागला. 'कर्मचाऱ्यांसाठी' या शब्दातला 'ऱ्या' मधोमध दुभंगला. शिवाय निवडलेल्या फाँटमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसत. पानाची भाषा मराठी आहे असे संगणकाला आतून सांगितले, तर त्याच फाँटमधील मराठी वळणाची अक्षरे येतात, हा शोध लागण्यात आमचा एक आठवडा गेला. बँकिंग परीक्षांच्या अभ्यासक्रमात यातले काहीच नसते!

मोठ्या संस्थांची नवी संकेतस्थळे कशी कोलमडतात, याचे धडे आम्हांला आधीच देण्यात आले होते. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्य विम्याचे 'हेल्थकेअर डॉट गव्ह' हे संकेतस्थळ सुरू झाले आणि पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली. योजना नुसत्या पाहायच्या तरी आधी खाते उघडा, अशी तेथे अट होती आणि सारी गर्दी त्या एका दाराशी तुंबली. आपल्याकडे प्राप्तिकर विवरणपत्राचे नवे पोर्टल ७ जून २०२१ रोजी आले. त्याच्या अडचणी इतक्या लांबल्या की त्या वर्षी विवरणपत्राची आधीच ३० सप्टेंबरपर्यंत वाढविलेली मुदत पुन्हा ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. बँकवाल्यांच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद उदाहरण ब्रिटनमधील टीएसबी बँकेचे. एप्रिल २०१८ मधील एका शनिवार-रविवारी या बँकेने आपले सर्व ग्राहक जुन्या संगणक प्रणालीतून नव्या प्रणालीत नेले. त्यानंतर सुमारे १९ लाख ग्राहकांना आपल्याच खात्यात प्रवेश मिळेना, आणि काहींना तर दुसऱ्यांची खाती दिसली. सर्व काही सुरळीत होण्यास डिसेंबर उजाडला. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पद सोडावे लागले आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामक संस्थांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. दोन माहिती केंद्रांपैकी एकाचीच पुरेशी चाचणी झाली होती, हे पुढील चौकशीत उघड झाले.

हे सारे आमच्या तंत्रज्ञ मंडळींना मुखोद्गत होते. त्यांनी चाचण्यांवर चाचण्या घेतल्या, दोन्ही केंद्रांवर भार टाकून पाहिला. आमचे संकेतस्थळ कोलमडणार नाही याची तजवीज झाली होती, आणि ते कोलमडलेही नाही. आमची अडचण वेगळ्याच बाजूने आली.

नव्या रूपाबरोबर संकेतस्थळाचा पत्ताही बदलणार होता. बनावट संकेतस्थळांद्वारे होणाऱ्या फसवणुकीस आळा बसावा म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हा राखीव पत्ता जाहीर केला आणि २२ एप्रिलच्या परिपत्रकान्वये सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तेथे जाण्यास सांगितले. हे पत्ते देण्याचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे असून बँकेखेरीज अन्य कोणाला असा पत्ता मिळू शकत नाही. निर्णय उत्तमच होता. एक रूप बदलायचेच आहे, तर पत्ताही त्याच रात्री बदलू, म्हणजे ग्राहकांना एकदाच त्रास होईल, असे आम्ही ठरविले. त्या वेळी ते फार शहाणपणाचे वाटले होते.

दिवाळी नुकतीच सरली होती. २५ ऑक्टोबरला चौथ्या शनिवारची सुट्टी होती. त्या रात्री अकराला जुने संकेतस्थळ उतरविण्यास सुरुवात झाली आणि पहाटे चारच्या सुमारास नवे दिसू लागले. कोणी तरी पेढे आणले होते. जुना पत्ता टंकला की ग्राहक आपोआप नव्या पत्त्यावर पोहोचेल, अशी योजना होती. मात्र इंटरनेटवरील पत्त्यांच्या नोंदी ठिकठिकाणी काही काळ साठवून ठेवलेल्या असतात. त्या ताज्या होईपर्यंत रविवारी सकाळी कोणाला जुने संकेतस्थळ दिसत होते तर कोणाला नवे. एकाच घरात नवऱ्याच्या मोबाइलवर जुने आणि बायकोच्या संगणकावर नवे, अशीही तक्रार आली. दुपारपर्यंत हे निवळले. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मग बडोद्याहून बाईंचा दूरध्वनी आला.

त्या आठवड्यात विभागातील अधिकाऱ्यांना ग्राहक सेवा केंद्रात बसविले होते आणि मराठी बोलणाऱ्यांचे दूरध्वनी माझ्याकडे येत. बडोद्यास गायकवाडांच्या काळापासून मराठी कुटुंबे आहेत, त्यांतल्याच या एक निवृत्त शिक्षिका. आवाज खणखणीत.

"तुमच्या बँकेची साइट कोणीतरी पळवली आहे," त्यांनी थेट मुद्द्याला हात घातला.

"बाई, ती आपलीच साइट आहे. आज पहाटे नवी सुरू झाली."

"हे तुम्ही म्हणता. चोर काय वेगळं म्हणेल?"

"पण बाई, फोन तर तुम्हीच लावलात ना?"

"कार्डाच्या मागचा नंबर लावला, म्हणून तर बोलते आहे. मी टाइप केला एक पत्ता, उघडला भलताच. तुमच्याच पुस्तिकेत लिहिलंय, असं झालं तर पान बंद करा. कुलपाचं चित्र दिसतं म्हणून विश्वास ठेवू नका, तेही लिहिलंय. चुकीचं शुद्धलेखन हे बनावट साइटचं लक्षण, असंही तुम्हीच छापलंय. आणि इथे वरच्याच ओळीत 'कजर्' लिहिलंय! 'कर्ज' शब्द ज्याला लिहिता येत नाही, तो माझी ठेव काय सांभाळणार?"

मी पान उघडून पाहिले. सर्व पाने मी हाताने दुरुस्त केली होती. वरच्या पट्टीतील शब्द मात्र वेगळ्या फाइलमधून येत होते आणि ऐन वेळी तिची जुनीच प्रत चढली होती.

बाईंचे काम साधे होते, पण त्याला मुदत होती. त्यांची एक ठेव मंगळवारी पूर्ण होत होती. सूचना न दिल्यास ती तेवढ्याच मुदतीसाठी आपोआप नूतनीकृत झाली असती, आणि यजमानांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया गुरुवारी ठरलेली. नूतनीकृत ठेव मोडता येते, हे मी सांगितले. "ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या, "पण तुमच्या चुकीपायी पुन्हा अर्ज मी का करावा? आणि पासवर्ड तर मी त्या पानावर टाकणारच नाही." मी बँकेचीच आहे, हे पटवून देण्याचा कोणताही मार्ग माझ्यापाशी नव्हता. त्यांची जन्मतारीख विचारून मी त्यांची ओळख पटवू शकत होते. माझी ओळख त्यांनी कशी पटवावी, याची सोय कोणी केलेली नव्हती.

सोमवारी त्या रिक्षा करून शाखेत गेल्या. तेथील अधिकारी म्हणाले, "बाई, ते पान उघडूच नका, मी चौकशी करतो." नव्या पत्त्याचे परिपत्रक शुक्रवारी सायंकाळी उशिरा अंतर्गत पोर्टलवर चढविले होते. मध्ये दोन दिवस सुट्टी; शाखेत ते कोणी वाचलेच नव्हते. त्या अधिकाऱ्यांना दोष देता येत नाही. ठेवीची सूचना त्यांनी कागदावर लिहून घेतली, मंगळवारी रक्कम खात्यात जमा झाली आणि गुरुवारी शस्त्रक्रिया पार पडली.

पहिल्या आठवड्यातील दूरध्वनींची टिपणे चाळताना माझ्या लक्षात आले, की संकेतस्थळ उघडत नाही अशी तक्रार करणारे थोडे होते. हे आपलेच ना, असे विचारणारे पुष्कळ होते. वर्षानुवर्षे पुस्तिका काढून, मेळावे भरवून ज्यांना आपण सावध राहण्यास शिकविले, नेमके तेच दाराबाहेर उभे राहिले. पत्ता न वाचणारे, दिसेल तेथे पासवर्ड टाकणारे मात्र बिनबोभाट आत गेले होते! चाचण्यांच्या आमच्या लांबलचक यादीत 'शिकविल्याप्रमाणे वागणारा ग्राहक' हा प्रकार नव्हताच.

मग धावपळ करून आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी योजना थांबविण्यात आली. जुन्या पत्त्यावर एक साधे पान ठेवले: आमचा पत्ता बदलला आहे, खात्री आपल्या शाखेत करून घ्यावी. पण ते पानही बनावट असू शकते, ही शंका उरलीच. तिच्यावर तोड काढली ती बडोद्याच्या शाखा व्यवस्थापकांनी. त्यांनी नव्या पत्त्याचा रबरी शिक्का बनवून घेतला आणि पासबुक भरण्यास येणाऱ्या प्रत्येकाच्या पासबुकावर तो उमटविण्यास सुरुवात केली. संगणक विभागातील तरुण सहकाऱ्यांना प्रथम हे जरा हास्यास्पद वाटले. इतर शाखांनी मात्र तसेच शिक्के मागविले.

बाईंच्या पासबुकावर शिक्का उमटल्यानंतर त्यांनी एके दिवशी संपूर्ण संकेतस्थळाची मराठी पाने वाचून काढली. डिसेंबरात मला त्यांचे टपालाने पाकीट आले. आत आखीव कागदांवर पानवार चुका, डावीकडे अशुद्ध, उजवीकडे शुद्ध, सारे लाल शाईत. माझ्या नजरेतून सुटलेला 'उसळलेला' एक धनादेशही त्यात होता. यादीतील बहुतेक दुरुस्त्या आता झाल्या आहेत. 'उभी सूचना' मात्र एका अर्जाच्या नमुन्यात अद्याप उभीच आहे. तो नमुना बदलावयाचा तर आधी इंग्रजी नमुन्यास तीन विभागांची मंजुरी हवी, असे उत्तर आले आहे. बाईंना मी तसे कळविले आहे.