लंडनच्या वाटेवर मारलवाई

आमची एक पुतणी इंग्लंडात लीड्सला शिकते. पोर मूळची आदिलाबादची. शाळा तिथलीच, पुढचे शिक्षण हैदराबादेस, आणि आता वर्षभराच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी परदेशी. पूर्वी विलायतेस जाणारा मुलगा मुंबई बंदरात आगबोटीवर चढला, की त्याच्या खुशालीचे पत्र येईपर्यंत घरात आठवडे मोजले जात. आता पोर रोज फोनवर दिसते. काय जेवली, थंडी किती, हे सारे बसल्या जागी कळते. तेव्हा कोणी प्रवासवर्णन लिहावे असे कारणच उरले नाही, असे वाटण्याचा संभव आहे. तथापि परवाच्या शनिवार-रविवारी ती प्रथमच लंडन पाहावयास गेली आणि सोमवारी तिने जे सांगितले, ते या पानाच्या वाचकांच्या कानी घालावेसे वाटते. कारण त्यातला बराच भाग लंडनचा नाही. आपल्याच घरचा आहे.

लीड्सहून लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकापर्यंत आगगाडीने सव्वादोन तास लागतात. विद्यार्थ्याची सहल म्हणजे पैशांचा हिशेब आधी आणि शहर मागाहून. प्रत्येक तिकिटाचे मनात रुपये करायचे आणि मग जायचे की नाही ते ठरवायचे! टॉवरमध्ये कोहिनूर आहे. तो आपल्याच कृष्णाकाठच्या कोल्लूरच्या खाणीतला असे परंपरेने मानतात. आपल्याच हिऱ्याच्या दर्शनाला तिकीट काढायचे, हे काही तिच्या मनास पटले नाही. खिशालाही पटले नाही. मग उरला ब्रिटिश म्युझियमचा रस्ता. तेथे प्रवेश विनामूल्य असतो.

तिथे तिने अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे पाहिली. ती शिल्पे 1880 साली त्या संग्रहालयात आली आणि आजही तेथेच आहेत. पांढरट दगडावर कोरलेले हत्ती, स्त्रिया, बोधिवृक्षापुढे वाकलेले भक्त. शाळेच्या सहलीत ती नागार्जुनसागरला गेली होती आणि तेथील बेटावरच्या संग्रहालयात त्याच घडणीची शिल्पे तिने पाहिली होती. "काका," ती म्हणाली, "एवढ्या लांब येऊन मला ओळखीचंच दिसलं." येथपर्यंत तिची सहल चारचौघांसारखीच होती.

म्युझियमच्या मागच्या अंगाने निघाले, की रसेल स्क्वेअर नावाची बाग लागते. तिच्या एका कोपऱ्यापाशी लंडन विद्यापीठाची एक संस्था आहे, स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज. तिथल्या हिरवळीवर तमिळ कवी तिरुवळ्ळुवर यांचा पुतळा बसवलेला आहे. या संस्थेचे नाव तिला ठाऊक होते ते माझ्यामुळे. निघण्यापूर्वी मी तिला सहज म्हटले होते, "त्या बाजूला गेलीस तर बघ, आपल्या मारलवाईचे फोटो तिथं आहेत." मोठी माणसे बोलतात तसे मी बोलून गेलो होतो. पोरीने ते लक्षात ठेवले.

पण अशा दप्तरखान्यातली कागदपत्रे पाहायची तर आधी कळवून वेळ ठरवावी लागते. ती तिने ठरवली नव्हती, आणि वार तर शनिवार. तेव्हा ती बागेतल्या बाकावर बसली. या संग्रहातली पुष्कळशी छायाचित्रे संस्थेने संगणकावर सर्वांना खुली केली आहेत. तीच तिने फोनवर उघडली आणि दुपारभर पाहत राहिली. मोरपिसांचे टोप चढवलेले दंडारीतले गुसाडी, केसलापूरची जत्रा, गवताने शाकारलेली घरे. खाली गावांची नावे. त्यांतली कितीतरी तिने बसच्या पाट्यांवर वाचलेली होती. एकाही गावात ती उतरलेली नव्हती.

ही छायाचित्रे ज्याने काढली, तो माणूसही एकेकाळी लंडनला शिकावयास आलेला परदेशी विद्यार्थीच होता. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांचा जन्म 1909 साली व्हिएन्नात झाला. तेथली डॉक्टरेट घेऊन ते 1935 साली लंडनला मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाच्या वर्गात दाखल झाले. मालिनोव्स्कींची शिकवण अशी, की एखादा समाज समजून घ्यायचा तर त्याच्यात जाऊन राहावे आणि त्याची भाषा शिकावी. हायमेंडॉर्फ आधी नागा डोंगरांत राहून आले. 1938 साली बेटी या इंग्रज तरुणीशी त्यांचा विवाह झाला आणि पुढच्याच वर्षी उभयता हिंदुस्थानात आली. इतक्यात महायुद्ध पेटले. ऑस्ट्रिया जर्मनीने गिळलेला असल्यामुळे हे गृहस्थ इंग्रज सरकारच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. निजामाच्या संस्थानाबाहेर न जाण्याच्या अटीवर त्यांना मोकळे ठेवण्यात आले. हैदराबादची हद्द हीच त्यांची कैद झाली, आणि त्या कैदेचे त्यांनी सोने केले. चेंचू आणि कोंडा रेड्डी यांच्यात राहून ते आदिलाबादच्या गोंडांकडे वळले.

काळ मोठा कठीण होता. 1940 साली जोडेघाटला कोमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी पडला होता. गोंड का उठले, हे सरकारला समजून घ्यायचे होते. हायमेंडॉर्फ पतिपत्नींनी मारलवाई या खेड्यात गोंडांच्या घरांसारखेच घर बांधले, गोंडी आत्मसात केली आणि उत्तर शोधले. ते उत्तर फार गूढ नव्हते. जमीन. पिढ्यान् पिढ्या गोंड ज्या रानात शेती करीत आले, त्या रानाचा कागद त्यांच्यापाशी नव्हता. एकीकडे जंगलखात्याने राखीव रानाच्या हद्दी आखल्या. दुसरीकडे रस्ते झाले, रेल्वे आली, आणि त्यांच्यामागून वऱ्हाडातून, मराठवाड्यातून, तेलंगणातून शेतकरी, व्यापारी व सावकार आले. कचेरीची उर्दू ज्याला कळत होती, पटवाऱ्याशी ज्याची बसउठ होती, त्याच्या नावाने पट्टा झाला. ज्याने रान मोडले होते, तो आपल्याच शेतावर कूळ झाला, नाहीतर डोंगरात आणखी आत सरकला.

या पानाचे वाचक सुज्ञ आहेत. पटवारी कोण होते, देशमुख-देशपांडे कोण होते, हे त्यांना सांगावयास नको.

सोमवारी फोनवर पुतणीने मला विचारले, "काका, आपली उटनूरकडची शेती आपल्याला कोणाकडून मिळाली होती?"

आमच्या घरी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे. आजोबांनी रान मोडून वसवलेली जमीन. लहानपणापासून हेच ऐकत आलो. आजोबांची ती छकड्यातली फेरी, वाघाची ती गोष्ट, ज्वारीच्या कणग्या, सारे तोंडपाठ. पण आजोबांच्या आधी तिथे कोण होते, हे मी कधी विचारले नाही. एक गडी मात्र आठवतो. दिवाळीनंतर तो आजोबांकडे यायचा, ओट्याखाली बसायचा, आणि आजी त्याला पायलीभर दाणे घालायची. तो गोंड होता एवढे आम्हां मुलांना माहीत होते. त्याचे नाव माहीत नव्हते. ती जमीन वडिलांनी 1958 साली विकली आणि त्या पैशांत हैदराबादेस घर बांधले. ज्या घरात बसून मी हे लिहीत आहे, ते हेच घर.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. पोरीने पुढे काही विचारले नाही. तिने विचारले असते तर बरे झाले असते.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. मराठी माणसाने त्या रानात केवळ पट्टेच केले असे नाही. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी निजामाच्या मुलकी नोकरीत होते. इतिहासकार म्हणून ते आपणां सर्वांना परिचित आहेत. आदिलाबादेत असताना ते गोंडी आणि कोलामी शिकले, गोंडी भाषेचे व्याकरण त्यांनी लिहिले आणि तिथल्या गोंडांवर इंग्रजीत ग्रंथही लिहिला. 1943 साली मारलवाईत गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले, तेव्हा गोंडी वाचनपुस्तकांसाठी लिपी निवडली गेली ती देवनागरी. त्या भागात मराठीचा वावर होता म्हणून. गोंडांच्या कुळकथा किकरीवर गाणारे परधान गातात गोंडीत, पण आदिलाबादकडच्या पुष्कळ परधानांची घरची बोली मराठीच. म्हणजे ज्यांना आपण रानातले परके म्हणून पाहत होतो, त्यांच्या घरात आपली भाषा बोलली जात होती. आपण ओट्यावरून खाली उतरलो असतो, तर ती ऐकू आली असती.

हायमेंडॉर्फ 1945 साली निजाम सरकारचे आदिवासींविषयक सल्लागार झाले. त्यांच्या खटपटीने कित्येक गोंड कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी दरबार भरवून आदिवासींची गाऱ्हाणी ऐकावी, ही प्रथाही त्याच काळातली. पुढे ते लंडनला रसेल स्क्वेअरच्या त्याच संस्थेत प्राध्यापक झाले, पण आदिलाबादला पुनःपुन्हा येत राहिले. सत्तरीच्या दशकात आले, तेव्हा आपल्या वेळी दिलेल्या जमिनींपैकी कित्येक पुन्हा दुसऱ्यांच्या हाती गेल्याचे त्यांनी पाहिले आणि तसे लिहूनही ठेवले. 1970 साली आंध्र सरकारने अनुसूचित प्रदेशातली जमीन बिगर-आदिवासींना घेण्यास पूर्ण मनाई केली. तरी 20 एप्रिल 1981 रोजी इंद्रवेल्लीत जमिनीच्याच प्रश्नावर जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. प्रश्न जुना आहे, संपलेला नाही.

बेटीबाई 1987 साली हैदराबादेत वारल्या. त्यांना मारलवाईत पुरण्यात आले. 1995 साली लंडनला हायमेंडॉर्फ वारले. त्यांचीही समाधी आता मारलवाईत, बेटीबाईंच्या शेजारी आहे. आपल्यापैकी किती जणांनी ती पाहिली असेल? याच मारलवाईचे कनक राजू हे गुसाडी नृत्याचे थोर जाणकार. 1982 साली दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनी त्यांनी गुसाडी नाचवले आणि 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2024 साली ते निवर्तले. ते हयात असताना आम्ही आदिलाबादचे लोक त्यांच्या गावी एका सकाळच्या बसने जाऊ शकत होतो. आम्ही गेलो नाही.

रविवारी पुतणी प्रिमरोझ हिलजवळच्या दहा, किंग हेन्रीज रोड या घरी गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये तेथे राहत. ते घर महाराष्ट्र सरकारने विकत घेतले आणि 2015 पासून तेथे त्यांचे स्मारक आहे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने ते 1917 साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतले, आणि 1920 साली पैसा जमवून पुन्हा गेले. त्यांना लंडन पाहावयास सवड कोठली! अर्धपोटी राहून दिवसभर म्युझियमच्या वाचनालयात बसणे, हेच त्यांचे लंडन. त्या खोल्यांतून हिंडताना पोरीला आपल्या दोन दिवसांच्या सहलीची जराशी लाज वाटली म्हणे. मी तिला म्हटले, लाज वाटायचे कारण नाही. दोन दिवसांत जेवढे दिसते तेवढे दिसते. प्रश्न पडला हे पुष्कळ झाले.

आता आपल्याकडे पाहा. पावसाळा आला, की हैदराबादेहून मोटारी भरभरून माणसे शनिवारी आदिलाबादकडे निघतात. कुंतालाचा धबधबा पाहतात, छायाचित्रे काढतात, धाब्यावर जेवतात आणि रविवारी रात्री परत. त्यात वाईट काही नाही. मीही गेलो आहे. परंतु रस्त्याकडेच्या पाट्यांवरची गावे आपण जशी मागे टाकत जातो, तशीच आमच्या घराण्याने ती तीन पिढ्या मागे टाकली. त्यांत कोण राहते, ते काय बोलतात, हे पाहावयास व्हिएन्नाचा माणूस यावा लागला. आणि त्याने काय पाहिले, हे कळावयास आमच्या पोरीला लंडनच्या बागेतल्या बाकावर बसावे लागले.

पुतणी सप्टेंबरात परत येईल. दिवाळीत दंडारी निघते, तेव्हा मारलवाईला जायचे असे तिने ठरवले आहे आणि मला बरोबर यायला सांगितले आहे. माझे गुडघे दुखतात, तरी जाणार. त्याआधी एक काम आहे. माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत वडिलांचे जुने कागद आहेत. त्यांत 1958 चे खरेदीखत असावे, आणि त्याच्या आधीचा पट्टाही. उर्दू वाचणारे एक स्नेही सुलतान बाजारात राहतात. पुढच्या रविवारी त्यांना घरी बोलावले आहे.