सां-नाझेरचे स्मारक : मदतीला आलेल्या सैन्याची आठवण

युद्धस्मारक म्हटले की हुतात्म्यांची नावे कोरलेला दगड डोळ्यांसमोर येतो. फ्रान्सच्या पश्चिमेस, ल्वार नदीच्या मुखाशी वसलेल्या सां-नाझेर या बंदरातील अमेरिकी स्मारक मात्र वेगळ्या जातीचे आहे. तेथे गौरव आहे तो एका घटनेचा : मित्रराष्ट्राचे सैन्य समुद्र ओलांडून आले, याचा. ब्राँझचा अमेरिकी शिपाई पंख पसरलेल्या गरुडावर उभा आहे आणि त्याच्या हाती तलवार आहे.

६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिकेने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. त्याच महिन्यात फ्रेंच सेनापती निव्हेल यांची मोठी चढाई फसली आणि पाठोपाठ फ्रेंच सैन्यात असंतोष उसळला. अनेक तुकड्यांनी पुन्हा हल्ल्यास जाण्याचे नाकारले. अशा वेळी, २६ जूनला, अमेरिकी सैन्याचा पहिला ताफा सां-नाझेरला लागला. त्यातून सुमारे १४,००० सैनिक उतरले. हेच बंदर निवडण्यामागे व्यवहार होता. इंग्लिश खाडीवरील बंदरे ब्रिटिश सैन्याच्या वाहतुकीने गजबजलेली होती; सां-नाझेर आघाडीपासून दूर होते आणि रेल्वेने आतल्या प्रदेशाशी जोडलेले होते.

उतरलेल्यांपैकी पुष्कळसे नवशिके होते. त्यांना लगेच खंदकात धाडण्याजोगी स्थिती नव्हती, आणि अमेरिकी सैन्याची पहिली मोठी स्वतंत्र चढाई कांतिन्यी येथे झाली ती थेट २८ मे १९१८ रोजी. म्हणजे स्मारकाने ज्यांचा गौरव केला, ते सैन्य उतरल्यावर जवळजवळ वर्षभर मोठ्या लढाईत नव्हतेच. तरीही फ्रेंच जनतेला ते आगमन निर्णायक वाटले, कारण आपण एकटे नाही याची ती पहिली दृश्य खूण होती. युद्ध संपेपर्यंत सुमारे वीस लाख अमेरिकी सैनिक युरोपात पोहोचले. बंदरांवरील ओझी मात्र मुख्यतः कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिकांनी वाहिली. हाती बंदूक देण्याऐवजी त्यांना हमालीस जुंपण्यात आले होते. गरुडावरच्या शिपायाकडे पाहताना ही बाजू सहसा ध्यानात येत नाही.

स्मारक घडवणाऱ्या शिल्पकार गर्ट्रूड व्हँडरबिल्ट व्हिटनी यांचे नाव न्यूयॉर्कमधील मराठी वाचकांना व्हिटनी संग्रहालयामुळे परिचित असेल. ते त्यांनीच स्थापले. अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वीच त्यांनी फ्रान्समध्ये जखमींसाठी रुग्णालय उभारले होते. त्यांचे बंधू आल्फ्रेड १९१५ मध्ये ‘लुसिटानिया’ जहाजाबरोबर बुडाले. जर्मन पाणबुडीने बुडवलेल्या त्या जहाजानेच अमेरिकी जनमत ढवळून काढले होते. स्मारकाचे अनावरण २६ जून १९२६ रोजी, आगमनाच्या नवव्या वर्धापनदिनी झाले.

१९४० मध्ये फ्रान्स पडला आणि सां-नाझेर जर्मनांच्या हाती गेले. तेथे त्यांनी पाणबुड्यांसाठी काँक्रीटचा प्रचंड तळ बांधला. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिकेशी युद्ध जाहीर होताच त्यांनी स्मारक पाडून टाकले. शत्रूच्या दृष्टीने पुतळ्याचा अर्थ स्पष्ट होता : हे लोक एकदा आले, ते पुन्हा येऊ शकतात.

ते आले, पण शहराला ते सुखाचे ठरले नाही. २८ मार्च १९४२ च्या पहाटे स्फोटकांनी भरलेली ‘कँपबेल्टाउन’ ही ब्रिटिश युद्धनौका तेथील महाकाय गोदीच्या दरवाजावर आदळवण्यात आली आणि काही तासांनी तिचा स्फोट होऊन गोदी निकामी झाली. ही नौका मुळात अमेरिकेने ब्रिटनला दिलेली होती. या धाडसात १६९ जण कामी आले. पुढे ब्रिटिश आणि अमेरिकी विमानांनी पाणबुडीतळावर बाँबफेक केली; तळ टिकला, शहराचा बहुतांश भाग मात्र जमीनदोस्त झाला. जर्मनीने शरणागती पत्करल्यानंतरही सां-नाझेरचा वेढलेला टापू ११ मे १९४५ पर्यंत सुटला नाही.

मराठी वाचकाला इथे साहजिकच दुसरे बंदर आठवेल. सप्टेंबर १९१४ मध्ये, अमेरिकनांच्या पावणेतीन वर्षे आधी, हिंदी सैन्य मार्सेयला उतरले होते. त्यात पुण्याजवळच्या खडकीच्या सॅपर्सच्या तुकड्याही होत्या; ऑक्टोबरच्या अखेरीस न्यव्ह शापेलच्या लढाईत त्यांची मोठी हानी झाली. त्या गावी १९२७ मध्ये उभारलेल्या हिंदी स्मारकावर पश्चिम आघाडीवर पडलेल्या, पण ज्यांची कबर ठाऊक नाही अशा ४,७०० हून अधिक जणांची नावे आहेत. गौरव आहे, तो मृत्यूनंतरचा. फरक सैन्याच्या पराक्रमात शोधू नये. अमेरिका स्वतंत्र राष्ट्र म्हणून आली होती, हिंदी शिपाई साम्राज्याच्या हुकमावरून. मुंबईच्या अपोलो बंदरावरील गेटवेही आगमनाचेच स्मारक आहे, पण ते सम्राटाच्या.

सां-नाझेरचा शिपाई १९८९ मध्ये मूळ रूपाबरहुकूम पुन्हा उभा राहिला. अमेरिकी बाँबनी उद्ध्वस्त झालेल्या शहरातच हे घडले. १९४२ च्या हल्ल्यातील मृतांचा स्मृतिस्तंभही त्याच किनाऱ्यावर आहे. २०१७ मध्ये आगमनाची शताब्दी साजरी झाली, तेव्हा याच शहरात बांधलेले ‘क्वीन मेरी २’ हे प्रवासी जहाज आपल्या जन्मस्थानी आले आणि २५ जूनला चार मोठ्या शिडाच्या नौकांशी शर्यत लावत न्यूयॉर्ककडे निघाले.