आई-वडिलांनंतरचे घर

सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि आंघोळीपासून औषधांपर्यंत प्रत्येक बाबतीत त्यांच्यावर विसंबून असलेला चाळिशीतला मुलगा किंवा मुलगी, हे चित्र आज शहरांतील अनेक घरांत दिसते. वैद्यकीय प्रगतीने या मुलांचे आयुष्य वाढविले. अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान १९८० च्या दशकाच्या प्रारंभी पंचवीस वर्षांच्या आसपास होते. आता ते साठीपर्यंत पोहोचले आहे. पूर्वी अशी मुले बहुधा पालकांच्या डोळ्यांदेखत जग सोडून जात. आता ती पालकांच्या मागे उरतात आणि घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : ‘आमच्यानंतर याचे काय?’

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘याला ठेवायचे कुठे’ या अंगाने शोधले जाते. परंतु जगभरातील गेल्या सहा दशकांचा अनुभव आणि भारतातील कायदा असे सांगतो, की निवाऱ्याइतकाच महत्त्वाचा मुद्दा निर्णयाचा आहे. त्या घरात ही व्यक्ती कशी जगेल आणि तिच्या दिवसाचे निर्णय कोण घेईल, हे पाहिल्याखेरीज घराचा प्रश्न सुटत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी यांसारख्या विकासात्मक विकलांगता जन्मतः किंवा बालपणी येतात आणि आयुष्यभर सोबत राहतात. त्या म्हणजे मनोविकार नव्हेत. त्यामुळे मनोरुग्णालय हे या व्यक्तींचे घर होऊ शकत नाही. त्यांना उपचारांपेक्षा रोजच्या जगण्यात आधार लागतो, तोही प्रत्येकाला वेगळ्या प्रमाणात.

मोठ्या संस्थांचा धडा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे शहराबाहेरच्या प्रचंड संस्था. न्यूयॉर्कमधील विलोब्रुक ही त्यांतील सर्वांत कुप्रसिद्ध संस्था. चार हजारांची सोय असलेल्या या संस्थेत १९६५ च्या सुमारास सहा हजारांहून अधिक जण कोंबलेले होते. १९७२ मध्ये दूरचित्रवाणीने तेथील घाण, उपासमार आणि हेळसांड लोकांसमोर आणली. पालकांनी न्यायालयात धाव घेतली, १९७५ मध्ये तडजोडीचा आदेश झाला आणि १९८७ मध्ये ही संस्था कायमची बंद झाली.

युरोपात विचाराची दिशा त्याआधीच बदलू लागली होती. या व्यक्तींचे आयुष्य शक्य तितके इतरांसारखे असावे, ही कल्पना डेन्मार्कने १९५९ च्या कायद्यात आणली. स्वीडनचे बेंग्ट निर्ये यांनी १९६९ मध्ये तिची तात्त्विक मांडणी केली. सकाळी उठणे, कामाला जाणे, सुटीचा दिवस वेगळा असणे, स्वतःची खोली असणे, अशा साध्या गोष्टींना त्यांनी हक्काचे स्थान दिले. पुढे स्वीडनने मोठ्या संस्था मोडीत काढण्याचा निर्णय घेतला व १९९९ च्या अखेरीची मुदत ठरविली. त्यांची जागा वस्तीतील छोट्या सामूहिक घरांनी घेतली. तेथे प्रत्येकाचे स्वतंत्र बिऱ्हाड, सर्वांसाठी एक बैठकीची जागा आणि मदतीला कर्मचारी अशी रचना असते.

महाराष्ट्रालाही बंद दारांआडच्या व्यवस्थेचा कटू अनुभव आहे. शिरूर येथील शासकीय गृहातील बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशये १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. मासिक पाळीच्या काळातील स्वच्छता सांभाळणे कठीण जाते, हे त्यासाठी दिलेले कारण होते. महिला संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठविला आणि देशभर वादळ उठले. संस्थेची सोय आणि माणसाचा हक्क यांत संघर्ष आला, की दुबळ्या बाजूचे काय होते, हे त्या घटनेने दाखवून दिले.

कायदा काय म्हणतो?

संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. आपण कुठे आणि कोणाबरोबर राहावे हे इतरांप्रमाणेच निवडण्याचा हक्क, हा या कराराच्या एकोणिसाव्या कलमाचा गाभा. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील पाचव्या कलमात तोच विचार आला आहे. दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे; विशिष्ट ठिकाणीच राहण्याची सक्ती तिच्यावर होऊ नये आणि घरी, निवासी केंद्रात किंवा वस्तीत मिळणाऱ्या आधारसेवा तिच्यापर्यंत पोहोचाव्यात, यासाठी सरकारने प्रयत्न करावेत, असे हे कलम सांगते.

त्याआधी १९९९ मध्ये स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी संसदेने नॅशनल ट्रस्टचा कायदा केला होता. पालकांच्या मृत्यूनंतर या व्यक्तींची काळजी कोण घेणार, याची तजवीज हा त्या कायद्याच्या घोषित उद्दिष्टांपैकी एक आहे.

व्यक्तीच्या इच्छेला किती वजन द्यावे, याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल दिशादर्शक ठरला. चंदीगडमधील सरकारी संस्थेत राहणारी, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेली एक तरुणी तेथे झालेल्या अत्याचारातून गर्भवती राहिली होती. गर्भपाताला तिचा नकार होता. तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

अठरावे वर्ष

अनेक पालकांना एक गोष्ट ठाऊक नसते. मूल अठरा वर्षांचे झाले, की आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याच्या दृष्टीने संपते. मूल स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल, तर नॅशनल ट्रस्ट कायद्याखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती यांची ही समिती असते. पालकाची गरज आहे काय आणि असल्यास कोणत्या कामासाठी, याचा विचार समितीने करावयाचा असतो. नियुक्त पालकाने सहा महिन्यांत स्थावर मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब देणे बंधनकारक आहे. छळ, हयगय किंवा अफरातफर झाल्यास त्याला दूरही करता येते.

आई-वडीलच नसलेल्या मुलांसाठी अठरावे वर्ष अधिक कठोर असते. बालगृहाची मुदत तेथे संपते आणि त्यानंतरचा अनुरक्षणाचा आधारही काही वर्षांपुरताच असतो. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे अनाथ दिव्यांग मुलांचा सांभाळ करणारे शंकरबाबा पापळकर यांनी याच मुद्द्यावर वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून या मुलांना बाहेर काढू नये, त्यांच्या आजीवन पुनर्वसनासाठी कायदा व्हावा, ही त्यांची मागणी. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

उपलब्ध मार्ग

निवासाचा प्रश्न एका उडीत संस्थेपर्यंत जाण्याचे कारण नाही. पहिली पायरी म्हणजे स्वतःच्या घरी राहून दिवसा कार्यशाळेत किंवा केंद्रात जाणे. दुसरी अल्पकालीन निवासाची. पालक आजारी पडले किंवा गावी गेले, तर काही दिवसांसाठी राहण्याची सोय त्यात अपेक्षित असते. नॅशनल ट्रस्टने आखलेली ‘समर्थ’ योजना या गरजेतून आली. तिसरी पायरी सामूहिक घराची. प्रौढांना आयुष्यभराचा निवारा मिळावा, या हेतूने ‘घरौंदा’ योजना पुढे आली. काही ठिकाणी पालकांनीच एकत्र येऊन वाट काढली. बदलापूरची ‘आधार’ ही पालकांच्या पुढाकारातून उभी राहिलेली निवासी संस्था त्याचे एक उदाहरण.

तरीही गरज आणि सोय यांत मोठे अंतर आहे. २०११ च्या जनगणनेत देशात बौद्धिक अक्षमता असलेल्या सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद झाली. रात्रंदिवस कर्मचारी ठेवावे लागत असल्याने छोटे घर चालविणे खर्चिक असते. प्रशिक्षित काळजीवाहक मिळणे आणि टिकणे कठीण असते. शेजाऱ्यांची नाराजी आड आली, तर भाड्याची जागा मिळविण्यापासूनच अडचणींना सुरुवात होते.

घर की संस्था?

घर लहान असले म्हणजे ते आपोआप चांगले ठरत नाही. दिव्यांग हक्क कराराची देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०१७ मध्ये हेच स्पष्ट केले. शंभर जणांची वास्तू असो वा पाच-आठ जणांचे घर, तेथे व्यक्तीला निवडीला वाव नसेल तर ती संस्थाच होय.

म्हणूनच जागा पाहताना इमारतीपेक्षा दिनक्रम पाहणे अधिक उपयोगाचे. सर्वांना एकाच वेळी झोपावे लागते काय? कपडे स्वतःचे आहेत की सामायिक? आज काय खायचे, हे कोणी विचारते काय? रहिवासी बाजारात, बागेत, देवळात जातात काय? नातेवाइकांना पूर्वसूचनेशिवाय भेटता येते काय? तक्रार कोणाकडे करायची आणि रात्री किती कर्मचारी असतात? संस्थेची नोंदणी आहे काय? या प्रश्नांना मोकळी उत्तरे मिळत नसतील, तर तो धोक्याचा इशारा समजावा.

आर्थिक तजवीजही वेळेत करावी लागते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याचे दिव्यांग अपत्य स्वतःची उपजीविका करू शकत नसेल, तर त्याला आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते आणि त्याचे नाव आधीच नोंदवून घेता येते. मृत्युपत्रात मालमत्ता थेट मुलाच्या नावे करण्याऐवजी विश्वस्त नेमण्याचा मार्गही आहे. त्यासाठी वकिलाचा सल्ला घ्यावा.

सर्वांत मोठी चूक होते ती वेळेची. आई गेल्यानंतर आठवड्याभरात अनोळखी जागी नेऊन सोडलेल्या प्रौढ व्यक्तीचे आईबरोबर घरही जाते, शेजारही जातो आणि ओळखीचा दिनक्रमही. तिला ते शब्दांत सांगता येतेच असे नाही. याउलट पालक धडधाकट असतानाच आधी एक रात्र, मग एक आठवडा, मग महिना अशा क्रमाने नव्या घराची सवय झाली, तर तेथील माणसे तिची होतात आणि तिला काय आवडते, कशाची भीती वाटते, हे सांगायला पालक जवळ असतात. ‘आमच्यानंतर काय’ या प्रश्नाचे उत्तर पालकांच्या हयातीतच, त्यांच्या डोळ्यांसमोर घडायला हवे.