ॲनाच्या आजीचा शोध

सयामच्या राजवाड्यातल्या मुलांना इंग्रजी शिकवणारी ॲना लिओनोवेन्स जगाला माहीत झाली ती आधी कादंबरीतून आणि मग रंगमंचावरून. मार्गारेट लँडन यांची कादंबरी १९४४ची, 'द किंग अँड आय' हे संगीत नाटक १९५१चे, त्यावरचा सिनेमा १९५६चा. तिन्हींतली ॲना घरंदाज गोरी विधवा आहे, कारण तिने स्वतःच तसे सांगून ठेवले होते: जन्म वेल्समधल्या कार्नारफनचा, साल १८३४, माहेरचे आडनाव क्रॉफर्ड, वडील कॅप्टन, नवरा लष्करी अधिकारी. खरी ॲना जन्मली नोव्हेंबर १८३१मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात. वडील थॉमस एडवर्ड्स हे लंडनकडचे. फर्निचर बनवण्याचा धंदा सोडून ईस्ट इंडिया कंपनीच्या सॅपर्स अँड मायनर्स पलटणीत आलेले, हुद्दा सार्जंट. मुलगी जन्मण्याच्या तीन महिने आधी ते वारले. तिचे लग्न झाले ते १८४९च्या नाताळच्या दिवशी पुण्यात, थॉमस लिऑन ओवेन्स नावाच्या कारकुनाशी. त्याने मधले नाव आणि आडनाव जोडून टाकले आणि 'लिओनोवेन्स' हे भारदस्त आडनाव जन्माला आले.

ही उकल ॲनापासून सुरू झाली नाही, ही यातली शिकण्याजोगी गोष्ट. १९७०च्या दशकात डब्ल्यू. एस. ब्रिस्टो हे तिचा मुलगा लुई याचे चरित्र लिहीत होते. लुईचा जन्म लंडनचा, असे ॲनाचे म्हणणे. लंडनमध्ये दाखला मिळेना. मुलाच्या न सापडलेल्या दाखल्याने आईबद्दल शंका आली आणि माग थेट हिंदुस्थानात येऊन पोचला. (लुई जन्मला होता पश्चिम ऑस्ट्रेलियात.) पुरुषाची वंशावळ एका आडनावाचा दोर धरून वर चढता येते. बाईचा दोर दर लग्नाला तुटतो. तिच्या नावावरून सरळ वर जाता येत नाही. आडवे जावे लागते, मुलगा, बहीण, सावत्र बाप, मेहुणा अशा वाटांनी. माझे म्हणणे असे, की हा वळसा म्हणजे नाइलाज नव्हे, वसाहतकाळातल्या बाईचा इतिहास शोधण्याची हीच रीत आहे. आणि ही वाट जिथे संपते ती जागासुद्धा पुरावा म्हणून वाचली पाहिजे.

ॲनाच्या आईचेच बघा. मेरी ॲन ग्लासकॉट १८१५-१६च्या सुमारास जन्मली. १५ मार्च १८२९ रोजी ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चमध्ये एडवर्ड्सशी लग्न झाले, तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची. दोन मुली झाल्या, नवरा गेला आणि ॲनाच्या जन्मानंतर थोड्याच महिन्यांत तिने पॅट्रिक डोनोहो या आयरिश कॉर्पोरलशी लग्न केले. म्हणजे वयाच्या सोळा-सतराव्या वर्षापर्यंत तीन आडनावे. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला कंपनीकडे जात; आज त्या ब्रिटिश लायब्ररीत 'एन/३' या खुणेखाली आहेत. त्यांत एकच बाई तीन वेगवेगळ्या अक्षरांखाली विखुरलेली असते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचे नाव, आडनाव, हुद्दा. आईचे बहुधा नुसते पहिले नाव. आपल्याकडचे कुलवृत्तांत निदान सुनेचे माहेर लिहितात. या नोंदी एवढेही करत नाहीत, कारण लष्कराला हिशेब हवा होता तो शिपायाचा, त्याच्या बायकोचा नव्हे.

आणखी एक पायरी वर गेले की वाट बंद होते. मेरी ॲनचे वडील विल्यम ग्लासकॉट हे मुंबई फौजेच्या चौथ्या देशी पलटणीतले अधिकारी, १८१० साली हिंदुस्थानात आलेले. त्यांची माहिती मिळते. मेरी ॲनच्या आईचे नाव कुठेच मिळत नाही. चरित्रकार सुझन मॉर्गन यांचा निष्कर्ष असा, की ही बाई युरोपीय नव्हती, बहुधा मिश्रवंशीय असावी. यावर आक्षेप घेता येतो आणि तो रास्त आहे: दोनशे वर्षांत कागद गहाळ होतात, वाळवी लागते, नोंद नाही एवढ्यावरून कुणाचा वंश कसा ठरवणार? ठरवता येत नाही, हे मान्य. पण ही फक्त एखाद्या फाटलेल्या पानाची गोष्ट नाही. नवऱ्याची नोंद आहे, मुलीची आहे, नातींची आहे, नाही ती नेमकी मधल्या एका बाईचीच. अधिकाऱ्याची गोरी बायको कागदांवरून अशी पुसली जाणे त्या समाजात फार अवघड होते. म्हणून मॉर्गन यांचा तर्क मला पटतो, मात्र तर्क म्हणूनच. त्याच्या जोरावर त्या बाईला एखादी जात, गाव किंवा नाव चिकटवणे म्हणजे तिला दुसऱ्यांदा पुसणे होईल.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. ॲनाने हे सारे मुद्दाम लपवले. तिने बंद केलेले दार आपण का उघडावे? कंपनीने १७९१मध्येच हिंदी आईच्या मुलांना आपल्या सनदी आणि लष्करी अधिकारपदांची दारे बंद केली होती. रक्ताचा असा हिशेब ठेवणाऱ्या जगात विधवा ॲना पदरी दोन मुले घेऊन उभी होती. वेल्सचे जन्मगाव हे तिचे चिलखत होते, आणि त्यासाठी तिने सख्ख्या बहिणीशीही नाते तोडले. ही किंमत दिसते ती दार उघडल्यावरच. ते न उघडता तिची कहाणी सांगितली तर उरते राजवाड्यातली गोरी मास्तरीण. अहमदनगरच्या छावणीत बाप न पाहता जन्मलेली, पुण्यात लग्न झालेली, पुढे कॅनडात हॅलिफॅक्सला कलाशाळा उभारण्यात पुढाकार घेणारी बाई त्यात कुठेच नसते.

आता कुणी म्हणेल, डीएनए आहे की. मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडूनच मिळतो, म्हणजे कागदांनी सोडून दिलेली नेमकी तीच रेषा तो जपतो: अनाम आजी, मेरी ॲन, ॲनाची बहीण एलायझा, तिची मुलगी, आणि त्या मुलीचा मुलगा विल्यम हेन्री प्रॅट, ज्याला जग 'फ्रँकेन्स्टाइन'मधला बोरिस कार्लॉफ म्हणून ओळखते. पण पुरुषापाशी ही रेषा थांबते, आणि दुसऱ्या एखाद्या फांदीवर ती चालू असली तरी ती प्रदेश सुचवेल, नाव सांगणार नाही. नावासाठी कागदांकडेच परतावे लागेल, तेही आडव्या वाटेने. त्या काळातले कंपनीचे अधिकारी मृत्युपत्रांत आपल्याजवळ राहणाऱ्या देशी बाईसाठी आणि तिच्या मुलांसाठी रक्कम लावून ठेवत, आणि मित्राला त्या कामी नेमत. तेव्हा चौथ्या पलटणीतल्या ग्लासकॉटच्या सोबत्यांची मृत्युपत्रे आणि मालमत्तेच्या याद्या एकेक करून वाचायला हव्यात. आजीचे नाव सापडलेच, तर कुणा परक्या माणसाने देण्याघेण्याच्या हिशेबात जाता जाता लिहिलेल्या एखाद्या ओळीत सापडेल, बहुधा चुकीच्या स्पेलिंगने.