सुरीला 'पाणी' चढते कसे?

बकरी ईद जवळ आली की धारवाल्यांपुढे सुऱ्यांचा ढीग लागतो. घाईत सुरी ग्राइंडरवर दाबली जाते, धार निळी पडते, आणि आठ दिवसांत गिऱ्हाईक पोलादाला दोष देत परत येते. आमच्या मते बहुतेकदा दोष पोलादाचा नसून त्या निळ्या रंगाचा असतो.

पाण्यात कडक होणाऱ्या पोलादात साधारण १ टक्का कार्बन असतो. महागडे धातू जवळजवळ नसल्याने ते स्वस्त पडते. छिन्नी, पंच, पटाशी, कानस यांसाठी ते पिढ्यानपिढ्या वापरात आहे. सुमारे ८०० अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात बुडवले की वरचा थर रॉकवेल मापाने ६० च्या पुढे कडक होतो, जाड तुकड्याचा गाभा मात्र चिवट राहतो. म्हणूनच छिन्नी हातोड्याचे घाव सोसते. लोहचुंबक चिकटेनासे झाले की (सुमारे ७७० अंश) आणखी थोडेच तापवावे.

एवढ्यावर काम संपत नाही. असे पोलाद काचेसारखे ठिसूळ असते, त्यामुळे लगेच उतार द्यावा लागतो. पृष्ठभाग घासून मंद तापवले की २३० अंशांच्या आसपास गवती पिवळा रंग येतो. तो सुरीला पुरे. छिन्नीला जांभळा, सुमारे २८०. निळा म्हणजे ३०० च्या घरात: सुरीची कडकी उतरली! रंग पुसून ती परत येत नाही, तेवढी धार घासूनच काढावी लागते.

जुन्या कानशीची सुरी घडवणाऱ्यांनी आधी एक तुकडा तापवून, पाण्यात बुडवून, मोडून पाहावा. काही स्वस्त कानशींत फक्त वरची सालच कडक असते.