वाड्यातील जुनी मोटार

जुन्या मोटारी बाळगणे हा संस्थानिकांचा आणि मुंबईच्या धनिकांचा छंद, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. आणि ती अगदीच निराधार आहे असेही नाही. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक मोटार दसऱ्याला दसरा चौकात येते, तेव्हा सोने लुटावयास जमलेल्यांपैकी निम्म्यांचे डोळे त्या मोटारीकडेच लागलेले असतात. अहमदाबादजवळ कै. प्राणलाल भोगीलाल यांनी उभारलेला मोटारींचा संग्रह पाहावयास तर परदेशांतून माणसे येतात. परंतु वऱ्हाडात हा प्रश्न निराळ्याच स्वरूपात पुढे येतो. येथे जुनी मोटार कोणी हौसेने विकत घेतलेली क्वचितच असते. बहुधा ती वारशाने येते. अमरावतीच्या एखाद्या जुन्या वाड्याच्या मागील पडवीत किंवा अकोल्याच्या बंद पडलेल्या जिनाच्या आवारात ती ताडपत्रीखाली उभी असते, आणि तिचे आता काय करावयाचे, हे घरात कोणालाच ठरविता येत नाही. हा लेख अशा घरांसाठी आहे.

ती येथे आली कशी, हे थोडक्यात सांगावयास हवे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेस पोचेनासा झाला आणि वऱ्हाडच्या पांढऱ्या सोन्याला भाव चढला. अमरावती, अकोला, खामगाव या पेठा त्यानंतर भरभराटीस आल्या. व्यापारी, वकील, जमीनदार यांच्या दारी पूर्वी दमणी आणि रेंगी असे. पुढे तेथे मोटार आली. फोर्ड कंपनीने आपले 'टी' मॉडेल १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी इतके तयार केले. १९२६ साली तिने हिंदुस्थानात स्वतंत्र कंपनी काढली, आणि १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईस शिवडी येथे मोटारी जुळविण्याचा कारखाना घातला. अमेरिकन गाड्या चाकांवर उंच असत, त्यामुळे काळ्या जमिनीतील चाकोऱ्या त्यांना विलायती गाड्यांपेक्षा अधिक मानवत. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण बदलले. परदेशी भाग आणून नुसते जोडू नयेत, येथेच बनवावेत, असा आग्रह धरल्यावर १९५३-५४ च्या सुमारास या दोन्ही कंपन्यांनी येथील जुळणी बंद केली. धोरण योग्यच होते. पण वाड्यातील मोटारीचे माहेर त्या दिवशी तुटले. त्यानंतर तिला लागणारा प्रत्येक भाग एकतर जुन्या बाजारातून शोधावा लागला, किंवा लेथवर घडवून घ्यावा लागला.

आमच्या माहितीतील एका घरी तीन भावांच्या वाटण्या झाल्या. शेते, सोने, भांडी, सारे विनातक्रार विभागले गेले. यादीच्या शेवटी 'मोटार एक, नादुरुस्त' एवढे कलम राहिले. थोरले म्हणाले, वडिलांची आठवण आहे, तिला हात लावू नये. मधले म्हणाले, भंगारवाला वजनावर घेतो, द्यावी आणि पैसे तिघांनी वाटून घ्यावेत. धाकट्यांचा मुलगा यंत्रविद्या शिकलेला. तो म्हणाला, चालवावयाची असेल तर ठेवा, नाहीतर चालविणाऱ्याला विका, पण अशी सडवू नका. त्या मुलाचे बोलणे वडील मंडळींना उद्धटपणाचे वाटले. आम्हांस मात्र ते रास्त वाटले. न फिरणाऱ्या मोटारीची आठवण टिकत नाही, तिचा फक्त सांगाडा टिकतो. टायर एकाच जागी दबून चपटे होतात, पेट्रोलचा राळेसारखा थर कार्बुरेटरात बसतो, सिलिंडरात गंज धरून दट्ट्या आवळला जातो, गादीत उंदीर बिऱ्हाड करतात आणि बॉडीच्या लाकडी चौकटीला वाळवी लागते. अखेर दोन वर्षांच्या अबोल्यानंतर मोटार एकट्या पुतण्याच्या नावे झाली. खर्च त्याचा, आणि दसरा-पाडव्याला तिन्ही घरांतील मुलांना फेरी, असे ठरले. आमचे मत विचाराल तर हाच मार्ग बरा. सामाईक विहिरीचे पाणी सगळेच काढतात. सामाईक मोटारीचा खर्च मात्र कोणीच काढीत नाही. मालक एकच असावा आणि ते कागदावर असावे.

कागदाचा विषय निघालाच आहे, तर कायदाही सांगून टाकू. मूळ मालक वारल्यावर तीन महिन्यांच्या आत वारसाने परिवहन कार्यालयात नाव बदलण्याचा अर्ज करावयाचा असतो. पुष्कळ घरांत तो तीस-चाळीस वर्षे राहून गेलेला असतो, आणि मग प्रत्येक चुलतभावाची संमती गोळा करता करता नाकी नऊ येतात. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, चौकट, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये व पुनर्नोंदणीस ५,००० रुपये शुल्क असून मुदत दहा वर्षांची आहे. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' ही अक्षरे येतात. पूर्वी नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. या सवलतीच्या बदल्यात बंधन असे की, अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणावयाची नाही. प्रदर्शन, मेळावा, तांत्रिक अभ्यास, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच तिला मोकळीक आहे. लग्नसराईत वरातीसाठी भाड्याने देऊन खर्च भरून काढू, असा बेत कोणी करीत असेल तर त्याने तो सोडावा.

आता निगा. वऱ्हाडात जुन्या मोटारीचा खरा शत्रू पाऊस नव्हे, ऊन. अकोल्याचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जातो, हे वाचकांस सांगावयास नको. फोर्ड 'टी'सारख्या गाडीत पाण्याचा पंप नसतोच. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरते, एवढ्या एका नियमावर सारे थंडावणे अवलंबून असते. भर दुपारी रेडिएटरभोवतीची हवाच तापलेली असली की हा व्यवहार मंदावतो आणि पाणी उकळते. पुढच्या काळच्या गाड्यांत दुसरेच दुखणे. पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटून असतो. तेथे पेट्रोलची वाफ होते, कार्बुरेटरला थेंब पोचत नाही आणि गाडी रस्त्यात मुकाट्याने उभी राहते. जुने ड्रायव्हर पंपावर ओले फडके गुंडाळीत आणि पुढे छागल टांगून ठेवीत. तो उपाय आजही लागू पडतो. हल्ली काहीजण पेट्रोलच्या टाकीजवळ विजेचा लहानसा पंप बसवितात. कडव्या शौकिनांना तो पाप वाटतो, आम्हांस वाटत नाही, कारण तो एका तासात काढून ठेवता येतो. चिखलदऱ्याची चढण अशा गाडीने चढावयाची हौस असेल तर ती पहाटे चढावी, आणि उतरताना ब्रेकवर विसंबू नये. खालच्या गियरमध्येच गाडी उतरवावी.

लाकडी आऱ्यांची चाके असतील तर वैशाखात ती सुकून करकरू लागतात. बैलगाडीची चाके सैल झाली की आपले शेतकरी ती डोहात भिजत ठेवतात. मोटारीच्या चाकाला हे औषध तात्पुरतेच. लाकूड फुगते, वाळल्यावर पूर्वीपेक्षा अधिक सैल होते, आणि ओल राहिली तर कुजते. आरे नवे बसविणे हाच खरा उपाय. तापविलेली धाव चाकावर चढवून पाण्याने आवळणारा जुना कारागीर गाठता आला तर त्याला हे चाक दाखवावे. काम निराळे असले तरी लाकूड कोठे दगा देते, हे त्याच्याइतके कोणास कळत नाही.

पेट्रोलनेही आता स्वभाव बदलला आहे. २०२५ पासून देशभर सर्वसाधारणपणे मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते हवेतील ओल शोषून घेते, जुन्या रबराच्या नळ्या फुगविते, बुचाचे पॅकिंग बिघडविते आणि जस्ताच्या ओतीव भागांना खाते. म्हणून नळ्या नव्या रबराच्या घालाव्यात, टाकी भरून गाडी महिनोन् महिने ठेवू नये, आणि पावसाळ्यापूर्वी ती रिकामी करावी. पंधरा दिवसांतून एकदा गाडी बाहेर काढून सात-आठ मैल चालविणे, हे सर्व उपायांत स्वस्त. नुसते जागेवर इंजिन सुरू करून बंद करणे मात्र वाईट. त्याने ओल आतच राहते. हॅण्डल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवावा, मुठीसारखा गुंडाळू नये. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडते.

मेळाव्यासाठी मोटार मुंबईस किंवा नागपुरास न्यावयाची झाली की घराघरांत वाद पेटतो. स्वतःच्या चाकांवर न्यावी, की दुसऱ्या गाडीवर चढवून? पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की, ओझ्यासारखी वाहून नेलेली मोटार ती मोटार कसली! हे ऐकावयास गोड आहे. पण रस्ते आता ते राहिले नाहीत. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा साडेपाच-पावणेसहा नव्हे, तब्बल १०५ तास सलग काम करून अंथरला गेला आणि गिनीजच्या नोंदीत गेला. अमरावतीहून अकोल्यास जाणारी वाहने तेथे आज बाणासारखी सुटतात. समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये मुंबईपर्यंत पूर्ण झाला. त्याची लांबी ७०१ किलोमीटर आणि वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. ज्या गाडीचे सुख ताशी ५० किलोमीटरवर संपते, जिचे ब्रेक तारांवर ओढले जातात आणि जिला मागचे दिवे नावापुरते आहेत, तिने त्या प्रवाहात शिरणे म्हणजे तिच्यातील मंडळींचा जीव टांगणीस लावणे होय. लांबच्या पल्ल्यास तिला चढवूनच न्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ते करण्याचीही रीत आहे. भाड्याचा सपाट ट्रक किंवा बंद कंटेनर सोयीचा. स्वतःचा ट्रेलर असेल तर त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. ट्रेलरवर वजन कोठे पडते यावर सारा प्रवास अवलंबून असतो, आणि हे शास्त्र वऱ्हाडच्या धुरकऱ्याला कोणी शिकवावयास नको. मागे ओझे जास्त झाले की बैलगाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. ट्रेलर तसा भरला तर तो वेगात डावी-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही घेऊन पडतो. म्हणून इंजिनाचे तोंड पुढे, आणि वजनाचा मोठा भाग ट्रेलरच्या आसाच्या किंचित पुढे असावा. गाडी इंजिनाच्या जोरावर फळ्यांवरून चढवू नये, हाताच्या चरकाने तार ओढून सावकाश चढवावी. पट्टे चाकांना अथवा आसाला बांधावेत, बंपरला कधीही नव्हे. कापडी टप उघडा ठेवू नये, वारा तो फाडतो. बॅटरीची तार सोडून ठेवावी, टाकीत पेट्रोल थोडेच असावे. पहिल्या दहा मैलांवर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत, कारण स्प्रिंगा बसतात आणि पट्टे सैल पडतात. वाहतुकीतील नुकसानीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. मोटारीचा नेहमीचा विमा येथे पुरेलच असे नाही.

हे सर्व पैशाने होते. पैशाने न होणारी गोष्ट म्हणजे मिस्त्री. इंजिनाचा आवाज ऐकून कोणता व्हॉल्व्ह जळाला हे सांगणारे, बेअरिंगमध्ये पांढरा धातू ओतून तो पात्याने खरवडून बसविणारे, गियर बदलताना क्लच दोनदा का दाबावयाचा हे मुलांना हात धरून शिकविणारे असे एक वृद्ध मिस्त्री आम्ही अमरावतीत पाहिले. वर सांगितलेली पुतण्याची मोटार त्यांनीच सात महिने खपून चालती केली. मजुरी त्यांनी मागितली ती आम्हांस फारच थोडी वाटली, आणि पुतण्याने ती दुप्पट दिली हे आम्हांस आवडले. त्यांच्या हाताखाली सध्या एकच मुलगा आहे. हात चांगला आहे, असे मिस्त्री म्हणतात. पण शेजारच्या दुकानात विजेच्या रिक्षा दुरुस्त करण्याचे त्याला महिन्याला अधिक मिळतात, म्हणून तो मिस्त्रींकडे फक्त रविवारी येतो. पुतण्याने आपली पंधरा दिवसांची फेरी हल्ली रविवारी ठेवली आहे.