शिक्षकांचे वेतन, आजारपणाची रजा व निवृत्तीचे लाभ

काही दिवसांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर पंचवटीत राहणाऱ्या एक शिक्षिका भेटावयास आल्या. शस्त्रक्रियेमुळे त्या दोन महिने घरी होत्या आणि त्या काळाचे वेतन त्यांना मिळाले नव्हते. "फादर, रजा शिल्लक नाही असे मला सांगितले," त्या म्हणाल्या. अनुदानित शाळेत त्यांची बारा वर्षांची कायम सेवा झालेली आहे आणि आजवर किरकोळ रजेपलीकडे त्यांनी काही घेतलेले नाही. आम्ही दोघांनी हिशेब मांडला, तेव्हा त्यांच्या खाती 240 दिवसांची अर्धवेतनी रजा निघाली. रजा होती, तिचा अर्ज मात्र कोणी करून घेतला नव्हता.

आपल्या धर्मग्रामांत शिक्षकांची कुटुंबे पुष्कळ आहेत, म्हणून हा विषय येथे थोडक्यात मांडीत आहोत.

प्रथम आपली शाळा कोणत्या प्रकारात मोडते ते पाहावे. महानगरपालिका व जिल्हा परिषद यांच्या शाळांना शासनाचे सेवानियम आहेत. खासगी शाळांना महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, 1977 व त्याखालील 1981 ची नियमावली लागू होते. शाळा अनुदान घेते की नाही, यावर हा कायदा अवलंबून नाही. विनाअनुदानित मान्यताप्राप्त शाळाही त्यात येते. "आम्ही अनुदान घेत नाही, म्हणून आम्हाला नियम नाहीत" हे वाक्य मी आपल्याच मंडळींच्या तोंडूनही ऐकले आहे. ते चुकीचे आहे.

अनुदानित शाळेत नवा शिक्षक आरंभी तीन वर्षे शिक्षणसेवक असतो. त्याचे मानधन 2023 पासून प्राथमिक स्तरावर 16,000, माध्यमिक स्तरावर 18,000 व उच्च माध्यमिक स्तरावर 20,000 रुपये झाले. त्यानंतर तो वेतनश्रेणीत येतो. सातव्या वेतन आयोगाची श्रेणी राज्यात 1 जानेवारी 2016 पासून धरली गेली. मूळ वेतन, महागाई भत्ता व घरभाडे यांचे देयक मुख्याध्यापक शालार्थ प्रणालीतून पाठवितात आणि वेतन पथक ते तपासते.

आता आजारपण. शाळेला दीर्घ सुट्ट्या असल्याने शिक्षकास इतर कर्मचाऱ्यांइतकी अर्जित रजा मिळत नाही. त्याचा खरा आधार म्हणजे वर्षाला 20 दिवसांची अर्धवेतनी रजा. ती साठत जाते. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडल्यास तिचे परावर्तित रजेत रूपांतर करता येते, म्हणजे पूर्ण वेतन मिळते. मात्र एका दिवसामागे खात्यातून दोन दिवस वजा होतात. उपरोक्त भगिनींना साठ दिवसांसाठी 120 दिवस खर्ची घालावे लागले असते व तेवढेच पुढे शिल्लक राहिले असते. रजा संपलेली असल्यास बिनपगारी असाधारण रजा उरते. तीही वैद्यकीय प्रमाणपत्रावरच घ्यावी, कारण तशी घेतलेली रजा निवृत्तिवेतनाच्या सेवेत धरली जाते. रुग्णालयात असतानाच घरच्या कोणाकरवी अर्ज व प्रमाणपत्र पाठवून पोच घ्यावी. तोंडी निरोप सेवापुस्तकात उमटत नाही.

शिक्षक 58 व्या वर्षी निवृत्त होतो. त्यानंतरचे लाभ नियुक्तीच्या दिनांकावर ठरतात. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी अनुदानित पदावर लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन आहे: सामान्यतः अखेरच्या वेतनाच्या निम्मे, त्यावर महागाईची वाढ, शिवाय उपदान. त्या दिनांकापासून लागलेल्यांना अंशदानाची योजना आली. मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या 10 टक्के शिक्षकाचे आणि 14 टक्के शासनाचे, असे पैसे गुंतविले जातात. निवृत्तीनंतर काही भाग हाती मिळतो व उरलेल्यातून मासिक रक्कम येते. मार्च 2023 मधील राज्यव्यापी संप याच प्रश्नावर झाला होता. त्याच वर्षी, सेवेत असताना मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तिवेतनाची सोय या कर्मचाऱ्यांनाही करण्यात आली आणि 2024 मध्ये शासनाने सुधारित योजनेचा पर्याय पुढे ठेवला. पर्याय लिहून देण्यापूर्वी वेतन पथकात चौकशी करावी. वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे तेही पाहावे. लग्नापूर्वी आईचे नाव लावलेले पुष्कळांच्या ध्यानातही नसते.

विनाअनुदानित शाळांत निवृत्तिवेतन नाही, पण उपदान आहे. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हा 1972 च्या उपदान कायद्यात बसत नाही असा निर्णय दिला होता. संसदेने 2009 मध्ये कायदा दुरुस्त करून 3 एप्रिल 1997 पासून शिक्षकांना त्यात आणले आणि 29 ऑगस्ट 2022 रोजी न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. 21 नोव्हेंबर 2025 पासून ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. कायम शिक्षकाची पाच वर्षे भरली की प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन द्यावयाचे असते व महिना 26 दिवसांचा धरतात. 26,000 रुपये वेतन व दहा वर्षे सेवा असेल, तर दीड लाख रुपये होतात.

येथे शाळा चालविणाऱ्या आम्हा धर्मगुरूंना व धर्मभगिनींना उद्देशून दोन शब्द. पोप लिओ तेरावे यांनी 1891 मध्ये 'रेरूम नोवारूम' या विश्वपत्रात न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. 1983 च्या कॅनन कायद्यातील 1286 वे कलम तर थेट आपल्यासाठीच आहे: संस्थेची मालमत्ता सांभाळणाऱ्याने देशाचे कामगारविषयक कायदे काटेकोरपणे पाळावेत व नोकरांना न्याय्य वेतन द्यावे. शिक्षकाला सेवाभाव शिकविण्याआधी त्याचे उपदान वेगळे काढून ठेविले आहे का, हे हिशेबाच्या वहीत पाहणे बरे.

शिक्षकांनी आपल्या सेवापुस्तकाची दुय्यम प्रत मागून घ्यावी. जन्मदिनांक, नियुक्तीचा दिनांक, कायम झाल्याचा आदेश, वेतनवाढी आणि रजेचे खाते या नोंदी वर्षातून एकदा मूळ पुस्तकाशी ताडून पाहाव्यात. निवृत्तीचे प्रकरण मुंबईच्या महालेखापालांकडे जाते, तेव्हा अशाच एखाद्या नोंदीवरून ते परत येते. त्या भगिनींनी आता प्रमाणपत्रासह उशिराचा अर्ज मुख्याध्यापकांकडे दिला आहे व पोच घेतली आहे.